भिंतीच्या पोटात काय दडले आहे?

गेल्या अंकात या सदरात आपण गच्चीच्या गळतीचा विचार केला होता. या वेळचा विषय त्याहून लहान आहे, करंगळीएवढ्या छिद्राचा. परंतु घरातील मोठी हानी पुष्कळदा अशाच लहान छिद्रातून आत येते. निदान माझ्या घरात तरी ती तशी आली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचे लग्न ठरले होते आणि त्याच्या खोलीत भिंतीवर एक टांगते कपाट बसवायचे होते. दसरा होऊन गेला होता, दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. सांगलीच्या बाजारपेठेतील आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली एका स्नेह्यांचे कापडाचे दुकान आहे. सुतारमिस्त्रीने भिंतीवर पेन्सिलीच्या चार खुणा केल्या, ड्रिल मशीन हातात घेतले आणि मला विचारले, "शेठ, या भिंतीतून पाइप वगैरे जातो का?" मी पेढीवर निघण्याच्या घाईत होतो. म्हणालो, "वीस वर्षं राहतोय या घरात. काही जात नाही. कर सुरू."

कपाट उत्तम बसले. नवव्या दिवशी सकाळी खालचे स्नेही जिना चढून वर आले. त्यांच्या हातात साडीच्या कापडाचा एक तागा होता, अर्धा ओला आणि कडेने पिवळट डाग पडलेला. ते रागावून बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, वरून पाणी येतंय. मागच्या मांडणीवरचा दिवाळीचा माल भिजलाय."

प्लंबरने भिंत फोडली तेव्हा उलगडा झाला. कपाट जड म्हणून मिस्त्रीने चार इंची स्क्रू वापरले होते. पलीकडे न्हाणीघर आणि मध्ये साडेचार इंची विटेची भिंत. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघर नवे केले, तेव्हा बाहेरून जाणारे जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे प्लॅस्टिक पाइप भिंतीत झिरी मारून आतून नेले होते. त्या दिवसांत मी पूर्ण वेळ पेढीवर होतो, काम पाहिले नव्हते. आमचा स्क्रू त्या पाइपात शिरला आणि तेथेच बुचासारखा बसला. त्यामुळे पाण्याची चिळकांडी उडाली नाही. थेंब थेंब पाणी भिंतीच्या आतून उतरत राहिले, स्लॅबपाशी साचले आणि वाट सापडेल तसे खाली झिरपले. आमच्या भिंतीवर तोपर्यंत ओलीचा डागही नव्हता.

स्नेह्यांचे नुकसान मी भरून दिले. मिस्त्रीच्या मजुरीतून मात्र दोन हजार रुपये कापले. तो इतकेच म्हणाला, "शेठ, मी विचारलं होतं." मी ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले. या गोष्टीचा उरलेला भाग शेवटी सांगतो. आधी विषयाचे ज्ञान पाहू.

भिंत ही भरीव वस्तू नाही

जुन्या घरांत वायर लाकडी पट्टीवरून आणि पाइप भिंतीच्या बाहेरून जात. दिसायला ते ओबडधोबड वाटे, पण काय कोठून जाते हे लहान मुलालाही दिसे. आता सर्व काही भिंतीच्या आत असते. विजेच्या तारा पीव्हीसीच्या नळीतून जातात, पाण्याचे पाइप गिलाव्याखाली जातात, कॉलम आणि बीम यांत सळया असतात. भिंत गुळगुळीत आणि देखणी होते, पण तिच्या पोटातील नकाशा आपल्या हाती राहत नाही. पाइप फुटला तर माल भिजतो. २३० व्होल्टच्या तारेत ड्रिलचे टोक शिरले तर माणूस जाऊ शकतो. आणि ड्रिल धरलेला हात बहुधा आपला नसतो, तो मजुरीवर आलेल्या माणसाचा असतो. हा भेद लक्षात ठेवावा.

भिंतीच्या पोटातील वस्तू शोधण्यासाठी आता हातात मावणारी यंत्रे मिळतात. त्यांना वॉल स्कॅनर किंवा डिटेक्टर म्हणतात. ही यंत्रे एक्स-रेसारखे चित्र काढत नाहीत. आतील वस्तूमुळे होणारा बदल ती टिपतात आणि दिवा, आवाज किंवा पडद्यावरील खूण यांतून सांगतात. हा बदल टिपण्याच्या मुख्य रीती चार आहेत.

पहिली रीत धातूची. यंत्रातील गुंडाळीतून बदलते चुंबकीय क्षेत्र निघते. जवळ धातू आला की त्या क्षेत्रात फरक पडतो. सळई, जुना लोखंडी पाइप, तांब्याची नळी, पितळी जोड हे सर्व या रीतीने सापडतात. चांगल्या यंत्राला लोखंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर खोलीपर्यंत आणि तांबे त्याहून कमी खोलीपर्यंत कळते, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर.

दुसरी रीत चालू विजेच्या तारेची. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेतो. या प्रवाहाच्या तारेभोवती जे विद्युत क्षेत्र असते ते यंत्र ओळखते. परंतु त्यासाठी तारेत वीज असावी लागते. बटण बंद असेल तर त्या बटणापुढची तार मुकी राहते. तार लोखंडी नळीतून नेलेली असेल तर ते क्षेत्र नळीच्या आतच अडते, मग धातूच्या रीतीने नळी शोधावी लागते. या रीतीचा पल्ला साधारण ५ सेंटिमीटरच असतो.

तिसरी रीत घनतेतील फरकाची. पोकळ भिंतीच्या मागे लाकूड किंवा आधार आला की पृष्ठभागाची विद्युत धारकता बदलते. अमेरिकेतील घरांच्या भिंती लाकडी उभ्या खांबांवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. ते खांब बहुधा १६ इंचांच्या अंतरावर असतात. त्यांना तेथे स्टड म्हणतात आणि या यंत्राचे लोकप्रिय नावही त्यावरूनच पडले. आपल्या विटेच्या भिंतीत स्टड नसतात. परंतु दुकानांत आणि कार्यालयांत जिप्सम बोर्डाचे पार्टिशन आता सर्रास असते. त्याच्या आत पत्र्याचे उभे चॅनेल साधारण दोन फुटांवर असतात. जड वस्तू नुसत्या बोर्डावर टांगली तर ती बोर्डासह खाली येते, म्हणून चॅनेल शोधून त्यातच स्क्रू घालावा. येथे यंत्रही नको, एक शक्तिमान लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरून फिरवला तरी बोर्डाचे स्क्रू जेथे आहेत तेथे तो चिकटतो आणि चॅनेलची रेघ कळते.

चौथी रीत रडारची. यंत्र रेडिओ लहरींचे सूक्ष्म स्पंद भिंतीत सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी वाचते. जेथे पदार्थ बदलतो तेथून लहर परतते. पाणी आणि काँक्रीट यांच्या विद्युत गुणधर्मांत फार मोठा फरक असल्याने पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा पाइपही या रीतीने सापडू शकतो. रडारचे यंत्र साध्या यंत्राच्या कित्येक पट महाग असते. एका कुटुंबाने ते घेण्याची आवश्यकता नाही. सोसायटीने किंवा बाजारपेठेतील चार-सहा दुकानदारांनी मिळून घेतले तर मात्र ते सर्वांच्या उपयोगी पडते.

यंत्र चालवण्याची शिस्त

यंत्रापूर्वी डोळे वापरावेत. ज्या भिंतीत भोक पाडायचे तिच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पलीकडे नळ, गीझर, बेसिन, स्विचबोर्ड किंवा एसीचा पॉइंट आहे काय? नीट काम करणारा वायरमन बोर्डापासून तार सरळ उभी किंवा सरळ आडवी नेतो. ब्रिटनमध्ये तर याचा लिखित नियमच आहे. वेगळे संरक्षण नसलेली तार भिंतीत ५० मिलिमीटरहून कमी खोलीवर असेल, तर ती छताच्या किंवा कोपऱ्याच्या १५० मिलिमीटरच्या पट्ट्यात, अथवा बोर्डाच्या सरळ रेषेत उभी किंवा आडवीच असली पाहिजे. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या आणि नळाच्या सरळ वर, खाली आणि दोन्ही बाजूंना भोक पाडायचेच नाही, हा आपल्या घराचा पहिला नियम करावा. परंतु या पट्ट्यांच्या बाहेर धोका नाही असे मात्र समजू नये. तार वाचवण्यासाठी ती तिरपी नेणारे कारागीरही असतात.

आता यंत्र. त्याची बॅटरी नवी असावी. प्रथम पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्र शून्यावर आणावे. काही यंत्रे हवेत धरून शून्यावर येतात, काही भिंतीवर ठेवून. भिंतीवर ठेवायचे असेल तर जेथे आत काही नसेल अशी जागा निवडावी. नेमके सळईवर ठेवून शून्य केले तर यंत्र त्या सळईलाच रिकामी भिंत समजेल आणि पुढे सर्व वाचन चुकेल. तराजूच्या पारड्यात आधीच वजन ठेवून काटा मध्यावर आणण्यासारखेच ते होईल.

यंत्र भिंतीला सपाट टेकवून सावकाश फिरवावे. डावीकडून उजवीकडे जाताना जेथे खूण मिळते तेथे पेन्सिलीने रेघ करावी. नंतर उजवीकडून डावीकडे येताना दुसरी रेघ करावी. वस्तूचा मध्य या दोन रेघांच्या दरम्यान असतो. हीच कृती वीतभर वर आणि वीतभर खाली करावी. तिन्ही ठिकाणच्या खुणा एका ओळीत आल्या तर ती तार, पाइप किंवा सळई समजावी. एकाच जागी खूण मिळाली आणि वर-खाली काही नाही, तर तो एखादा जुना खिळा असण्याचा संभव अधिक. तरीही ती जागा सोडलेली बरी. हातातील अंगठ्या, कडी आणि घड्याळ यंत्राच्या पुढच्या भागाजवळ येऊ देऊ नयेत, कारण यंत्राला तोही धातूच असतो.

तार शोधताना त्या खोलीतील दिवे, पंखे, उपकरणे सुरू ठेवावीत, म्हणजे बटणापुढच्या ताराही बोलत्या होतात. कधी कोरड्या हवेत भिंतीवर स्थिर विद्युत साचते आणि यंत्र हातभर रुंद जागेत वीज दाखवू लागते. अशा वेळी दुसऱ्या हाताचा तळवा यंत्राशेजारी भिंतीवर टेकवावा. बहुधा ती खोटी खूण ओसरते.

यंत्राच्या मर्यादा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्राने 'आहे' म्हटले तर ते मानावे. यंत्र गप्प राहिले तर त्याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नये.

ओल्या भिंतीत घनतेचे आणि विजेचे दोन्ही वाचन बिघडते. विटेची भिंत जेथे कॉलमला मिळते तेथे गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून गवंडी लोखंडी जाळी लावतात. त्या जाळीवर यंत्र सर्वत्र ओरडत राहते आणि मागचे काहीच कळत नाही. धातुमिश्रित रंग आणि मागे चकाकता पत्रा असलेले तक्ते हेही यंत्राला फसवतात. आणि साध्या यंत्राला प्लॅस्टिकचा पाइप सहसा सापडत नाही. आज आपल्या नव्या घरांत पाण्याचे पाइप बहुतेक प्लॅस्टिकचेच असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या मर्यादेचे गांभीर्य कळेल.

कॉलम आणि बीम यांत शक्यतो भोक पाडूच नये. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कॉलमच्या मुख्य सळयांवर साधारणतः ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असते. त्यापुढे गेलेला ड्रिल इमारतीच्या आधारालाच लागतो. तिजोरी किंवा मालाची जड मांडणी कॉलमला बांधायची असेल, तर आधी अभियंत्याला विचारावे.

प्रत्यक्ष भोक पाडताना त्या भागाचा एमसीबी बंद करावा आणि ड्रिल बॅटरीवरचे किंवा दुसऱ्या लाइनवरचे वापरावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो आधी बसवून घ्यावा. ड्रिलच्या बिटावर हव्या त्या खोलीवर रंगीत टेप गुंडाळावी, म्हणजे हात नकळत पुढे जात नाही. गरजेपेक्षा लांब स्क्रू घेऊ नये. बाहेर पडणारी भुकटी पाहत राहावे. विटेची भुकटी तांबडी असते, काँक्रीटची करडी. भुकटी ओली आली, तिच्यात प्लॅस्टिकचा कीस दिसला किंवा बिट अचानक धातूवर अडले, तर त्या क्षणी थांबावे. पाइपात स्क्रू गेल्याचा संशय आला तर स्क्रू घाईने उपसू नये, आधी टाकीचा कॉक बंद करावा. तारेला लागल्याचा संशय आला तर कशालाही हात न लावता मेन स्विच बंद करावा.

भिंतीची वही

लग्नानंतर वर्षभराने मुलाच्या खोलीत कुटुंबाचे एक मोठे छायाचित्र लावायचे ठरले. सूनबाई स्थापत्य अभियंता आहेत. मी जागा दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, दोन मिनिटं थांबा," आणि त्यांनी आपल्या पिशवीतून स्कॅनर काढला. मी दाखवलेल्या जागेपासून दोन बोटांवर यंत्र वाजू लागले. बोर्डापासून पलंगाजवळच्या दिव्याकडे जाणारी तार कोणा वायरमनने तिरपी नेली होती. त्या भिंतीविषयीही, कोणी विचारले असते तर, मी 'काही जात नाही' असेच सांगितले असते.

मग मी उत्सुकतेने त्यांना कपाटाच्या भिंतीपाशी नेले. पाइप नेमका कोठे आहे हे आता आम्हांला ठाऊक होते. यंत्राने पलीकडच्या पितळी मिक्सरची जागा दाखवली. पाइपावरून मात्र ते तीनदा फिरवले तरी गप्प राहिले. मी म्हणालो, "म्हणजे हे यंत्र तेव्हा असतं तरी उपयोग नव्हता." सूनबाई म्हणाल्या, "यंत्राचा नव्हता. पण न्हाणीघराचं काम झालं तेव्हाचा एखादा फोटो असता तर होता. बाबा, त्या मिस्त्रीला पाइप नाही असं कोणी सांगितलं होतं?"

घरात सर्वांना ते ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या कारखान्यात गेलो, चूक माझी होती असे सांगितले आणि दोन हजार रुपये त्याच्या हातात ठेवले. त्याने ते मोजून खिशात ठेवले. मग रंधा बाजूला सारून म्हणाला, "शेठ, पाणी होतं म्हणून बरं झालं. वायर असती तर?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पेढीवर आपण पैशापैशाचा हिशेब ठेवतो. जे वहीत नाही त्याविषयी ठामपणे बोलत नाही. गिऱ्हाइकाने जुनी उधारी विचारली तर आधी खाते उघडतो, मगच उत्तर देतो. घराच्या भिंतीविषयी मात्र मी वही न उघडताच उत्तर दिले होते, आणि त्या उत्तराच्या भरवशावर दुसऱ्याचा हात ड्रिलवर होता.

त्यानंतर आमच्या घरात एक वही झाली आहे. भिंत फोडण्याचे कोणतेही काम निघाले की झिरी मारून पाइप आणि नळ्या बसवल्यावर, गिलावा होण्यापूर्वी, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढायचे. त्यात मोजपट्टी धरलेली दिसली पाहिजे, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे वाचता आले पाहिजे. छायाचित्रे छापून वहीत चिकटवायची, खाली तारीख आणि कारागिराचे नाव लिहायचे. मोबाइल बदलतात आणि आतील छायाचित्रे हरवतात, म्हणून कागद हवाच. जुन्या भिंतींसाठी सूनबाईंनी यंत्राने सापडलेल्या खुणांचे आराखडे काढले आहेत. जेथे खात्री नाही तेथे 'माहीत नाही' असे स्पष्ट लिहिले आहे. ही वही घराच्या कागदपत्रांच्या कपाटात असते. दुकानाची आणि गोदामाची वही वेगळी आहे.

वाचकहो, आपल्या घरी दिवाळीपूर्वीची कामे निघतील, तेव्हा यंत्र मिळाले तर अवश्य वापरा. न मिळाले तरी भिंतीची दुसरी बाजू पाहा, बोर्डाच्या रेषा पाहा, एमसीबी बंद करा. आणि कारागिराने "इथून काही जातं का?" असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबा. खात्री नसेल तर "माहीत नाही, आधी पाहू" असे म्हणा. त्याचा हात भिंतीवर ठेवण्यापूर्वी त्याला इतके सांगणे हे घरमालकाचे काम आहे.